घरी चालतं, परीक्षेत चालत नाही: ईएक्स २९४ मध्ये दोनदा अडकलेल्या गारगोटीच्या भावाला

भावा, रेड हॅटच्या ईएक्स २९४ बद्दल, म्हणजे अ‍ॅन्सिबल वापरून एका मशीनवरून अनेक लिनक्स सर्व्हर लावायच्या प्रात्यक्षिक परीक्षेबद्दल, तुझं लिहिलेलं दोनदा वाचलं. ३०० पैकी १७१, पास व्हायला २१० लागतात. दुसरी खेप. घरच्या लॅबवर प्रत्येक प्लेबुक (अ‍ॅन्सिबलला द्यायची कामांची यादी) हिरवं-पिवळं होऊन सुरळीत संपतं, परीक्षेत मात्र सर्व्हिस उठतच नाही. आणि आता पुण्याला जाऊन महागडा क्लास लावू का, असं विचारतोयस. वयानं मोठी आहे म्हणून अरे-तुरे करते, राग मानू नको. "घरी चालतं, तिथं चालत नाही" हे वाक्य मी स्वतः रडत रडत नवऱ्याला सांगितलंय, म्हणून एवढं लांब लिहितेय.

आधी सांगून ठेवते. मी रेड हॅटची कुणी नाही, शिकवण्याचा धंदाही करत नाही. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत सर्व्हर सांभाळते. परीक्षेतले प्रश्न बाहेर सांगायचे नाहीत असं आपण सगळे मान्य करूनच बसतो, त्यामुळे खालच्या गोष्टीत सर्व्हिस आणि पोर्ट मी बदललेत. चूक मात्र जशीच्या तशी माझी आहे.

इन्व्हेंटरी, व्हॉल्ट, लूप, रोल, जिंजा टेम्प्लेट (कॉन्फिग फाइलचा साचा) यावर मी बोलत नाही. १७१ पर्यंत पोचलेल्या माणसाला ते येतं.

मी राजारामपुरीजवळच्या एका क्लासला जात होते. नाव घेत नाही. त्यांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना पेनड्राइव्हवरून तयार व्हर्च्युअल मशीन दिल्या. एक कंट्रोल नोड, जिथून हुकूम सुटतात, आणि चार मॅनेज्ड नोड, ज्यांच्यावर ते चालतात. इन्स्टॉलेशनची कटकट नाही म्हणून आम्ही खूश. चार महिने रोज रात्री जेवणं आवरली की मी त्याच मशीनवर बसायचे. अपाचे वेब सर्व्हर वेगळ्या पोर्टवर चालव, डॉक्युमेंट रूट दुसऱ्या डिरेक्टरीत ने, सगळं पहिल्या फटक्यात व्हायचं. हात बसला असं वाटायला लागलं.

परीक्षेत दुसऱ्या तासाला तसंच एक काम आलं. समज, अपाचे ८२ पोर्टवर. प्लेबुक चालवलं आणि सर्व्हिस सुरू करायच्या टास्कवर लाल. मला वाटलं टेम्प्लेट चुकलं. पुन्हा लिहिलं. लाल. मग वाटलं इंडेंटेशन. एकेक स्पेस मोजली. लाल. नोडवर जाऊन जर्नल, म्हणजे सर्व्हिसच्या नोंदी, बघितलं तर 'परमिशन डिनाइड, कुड नॉट बाइंड टू अ‍ॅड्रेस', आणि पुढं ८२. समोर एवढं स्पष्ट लिहिलेलं असून मी रूटच्या परवानग्या तपासत बसले, कारण ही ओळ मी चार महिन्यांत एकदाही बघितली नव्हती. एक तास दहा मिनिटं गेली. परीक्षा चार तासांची. शेवटी कुठूनतरी आठवलं म्हणून नोडवर हातानंच 'सेटएन्फोर्स ०' मारलं. सेलिनक्स ही लिनक्सची सुरक्षा-यंत्रणा, मान्य नसलेलं पोर्ट ती सर्व्हिसला घेऊ देत नाही; या कमांडनं तिची सक्ती, म्हणजे एन्फोर्सिंग, तात्पुरती उठते. सर्व्हिस उठली, पान दिसलं, मी पुढं गेले. नोड रीबूट झाला की ते पुन्हा एन्फोर्सिंगला येणार, हे त्या क्षणी डोक्यातच आलं नाही. त्या कामाचे गुण गेले, आणि वेळ खाल्ल्यामुळे शेवटची तीन कामं उघडूनही बघितली नाहीत. १८३ आले.

निकालानंतर तिसऱ्या दिवशी क्लासच्या मशीनवर 'गेटएन्फोर्स' टाइप केलं. उत्तर आलं, परमिसिव्ह, म्हणजे सेलिनक्स नुसती नोंद करतं, अडवत नाही. चारही नोडवर. 'एटीसी'मधल्या सेलिनक्सच्या कॉन्फिग फाइलमध्ये कुणीतरी आधीच तसं लिहून ठेवलेलं. फायरवॉलडी, म्हणजे फायरवॉलची सर्व्हिस, तीही बंद. म्हणजे चार महिने मी अशा घरात राहत होते जिथं दाराला कडीच नव्हती, आणि परीक्षेत मला कडी-कुलूप असलेलं दार उघडायला सांगितलं होतं.

क्लासमध्ये जाऊन विचारलं. "मॅडम, ते बंदच ठेवायचं असतं, बॅचला त्रास होतो. इंडस्ट्रीत कोण चालू ठेवतंय?" असं तोंडावर सांगितलं. पुढच्या बॅचला फीत सवलत देतो म्हणाले. सुट्ट्या गेल्या, परीक्षेची फी गेली, मुलाच्या सहामाहीत मी त्याच्याजवळ बसले नाही, आणि त्यांना तो 'त्रास' वाटतो. माझा आजही याच्यावर राग आहे. जी गोष्ट परीक्षेत तपासली जाते तीच बंद करून मशीन द्यायची आणि विद्यार्थ्याला कळवायचंही नाही, ही फसवणूक आहे. जाऊ दे.

तुझ्याकडेही असंच असेल, असं मी छातीठोक सांगत नाही. पण निकालातल्या विषयवार टक्क्यांत तुझा सर्व्हिस आणि फाइल्सचा भाग पडलाय, प्लेबुक लिहिण्याचा भाग चांगला आहे. माझंही अगदी तसंच होतं. आणि तू लिहिलंयस की मशीन मित्राकडून तयार मिळाल्या. म्हणून संशय येतो.

त्या मशीन पुसून टाक. रेड हॅटचं व्यक्तिगत डेव्हलपर सबस्क्रिप्शन फुकट आहे, त्यात १६ सिस्टिमपर्यंत चालतात. १६ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर दीड-दोन जीबीच्या पाच मशीन आरामात बसतात. स्वतः इन्स्टॉल कर, सेलिनक्स एन्फोर्सिंग, फायरवॉल चालू. अ‍ॅन्सिबलचा युजर आणि एसएसएच की तेवढी टाक आणि तिथंच स्नॅपशॉट, म्हणजे मशीनची त्या क्षणाची प्रत, घे. मी त्याला 'कोरा' नाव दिलं होतं. रोज बसताना पहिलं काम, सगळे नोड कोऱ्यावर परत. कालचं प्लेबुक आज कोऱ्या मशीनवर चाललं नाही, तर ते तुला आलेलं नाही असं धर. सरावात नोडवर जायचं ते फक्त बघायला. तिथं हातानं एकही गोष्ट दुरुस्त करायची नाही, अगदी 'सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट'सुद्धा नाही. पहिला आठवडा जीव नकोसा होतो, पण हे सोडू नको.

सेलिनक्सला नवं पोर्ट मान्य करायला लावण्यासाठी मॉड्यूल (अ‍ॅन्सिबलचं तयार अवजार) 'सेपोर्ट'. पाठ करू नको. अ‍ॅन्सिबल-डॉक, म्हणजे मशीनवरचीच मदतीची पानं, उघडलं की खाली उदाहरणांत अपाचेला ८८८८ पोर्ट द्यायचं तयार उदाहरण आहे, तेच उचलायचं. परीक्षेत इंटरनेट नसतं, हे डॉक मात्र हाताशी असतं, म्हणून सरावातही गूगल बंद ठेव. दुसऱ्या डिरेक्टरीसाठी 'सेएफकॉन्टेक्स्ट', पण ते फक्त नियम लिहितं, आधीच्या फाइलींना लेबल लावत नाही. त्यासाठी 'रीस्टोअरकॉन' वेगळं चालवावं लागतं. फायरवॉलडी मॉड्यूलमध्ये 'पर्मनंट' लिहून 'इमिजिएट' विसरलास तर नियम साठवला जातो, पण पोर्ट लगेच उघडत नाही, आणि तू पुन्हा टेम्प्लेटवर शंका घेत बसशील.

हँडलरचाही, म्हणजे काही बदललं तरच चालणाऱ्या टास्कचाही (उदा. सर्व्हिस रीस्टार्ट), एक असाच खड्डा आहे. टेम्प्लेट बदललं, हँडलरला निरोप गेला, पण पुढच्याच टास्कवर प्लेबुक पडलं. हँडलर शेवटी चालतात, त्यामुळे तो चाललाच नाही. तू चूक सुधारून पुन्हा चालवतोस, आता टेम्प्लेट 'ओके' दाखवतं, निरोपच जात नाही, आणि सर्व्हिस जुन्या सेटिंगवर तशीच. हे टाळायला 'फोर्स-हँडलर्स' पर्याय देऊन चालव. तो पहिल्या फेरीपासूनच द्यायचा, पडल्यानंतर दिला तर उपयोग नाही. तो न देता पडलंच असेल, तर नोडवरची ती कॉन्फिग फाइल अ‍ॅड-हॉक कमांडनं (प्लेबुक न लिहिता कंट्रोल नोडवरून मारायची एकच कमांड) काढून प्लेबुक पुन्हा चालव.

प्रत्येक काम झालं की मी तीन गोष्टी करायचे. प्लेबुक दुसऱ्यांदा चालवून 'चेंज्ड' शून्य येतंय का, 'रीबूट' मॉड्यूलनं नोड रीबूट, आणि मग कंट्रोल नोडवरून 'कर्ल', म्हणजे वेब पान मागवून बघायची कमांड. नोडच्या आतून कर्ल केलंस तर फायरवॉलची चूक दिसत नाही.

पुण्याच्या क्लासबद्दल माझं मत, नको. एवढ्या पैशात परीक्षेची फी निघेल. कुणाला समोर माणूस लागतो, त्यांचं वेगळं. पण लावलासच तर पहिल्या दिवशी त्यांच्या मशीनवर गेटएन्फोर्स मारून बघ, मग पैसे दे. आणि डंप, म्हणजे परीक्षेतले फुटलेले प्रश्न, विकणाऱ्यांच्या नादी लागू नको, करार मोडतो आणि कामही येत नाही.

घरून देणार असशील तर त्यांची यूएसबीवरून चालणारी प्रणाली आणि बाहेरचा वेबकॅम आदल्या रात्री नाही, पंधरा दिवस आधी तपासून घे. रेड हॅटच्या खात्यावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव जुळतंय का बघ, माझं माहेरचं-सासरचं नाव निस्तरण्यात महिना गेला. राऊटरला यूपीएस लाव. आणि जुलै-ऑगस्टमधली तारीख घेऊ नको. २०१९ चा पूर आपण बघितलाय, पंचगंगेला पाणी चढलं की लाईट आणि नेट दोन्हींचा भरवसा राहत नाही. परीक्षेची आवृत्ती बदलत असते, तेव्हा उद्दिष्टांची यादी रेड हॅटच्या पानावरूनच वाच, माझ्या सांगण्यावर जाऊ नको.

मी दुसऱ्यांदा बसले तेव्हा तशीच लाल ओळ पुन्हा आली होती. चार मिनिटांत सुटली.

आज रात्री कंट्रोल नोडवरून एकच अ‍ॅड-हॉक कमांड मार, सगळ्या नोडवर 'गेटएन्फोर्स'. काय येतंय ते मला कळव. एन्फोर्सिंग आलं तर माझा अंदाज चुकला. मग तुझं पडलेलं प्लेबुक जसंच्या तसं पाठव, फक्त परीक्षेतलं नको, घरच्या सरावातलं. रविवारी दुपारी निवांत बसून बघते.