मैत्रिणीचा वाढदिवस, दोन दिवसांची मुंबई आणि न सांगितलेला आकडा

‘मैत्रिणीचा तिसावा वाढदिवस आहे, सगळ्याजणी शनिवार-रविवार मुंबईला निघाल्यात. मला परवडत नाही आणि नाही म्हणवतही नाही.’ कधी मुंबईच्या जागी बेंगळुरू असतं, कधी मैत्रिणीच्या जागी ऑफिसातला मित्र. गाऱ्हाणं तेच असतं. सल्ल्यासाठी माझ्याकडे येणाऱ्या इतक्या जणांकडून ऐकल्यावर त्याचं उत्तर एकदा सविस्तर लिहायला हवं असं वाटलं. खालची मुलगी कुणी एक नाही, अनेकींचे तपशील बदलून आणि मिसळून ती तयार झाली आहे.

वय सत्तावीस, पुण्यात नोकरी, हातात पगार ३२,००० रुपये. त्यातले दहा हजार गावी जातात, मग खोलीचं भाडं. सहाजणींचा ग्रुप. ग्रुपवर आकडा आला ‘माणशी साडेचार हजार’, आणि हिनं अंगठा टाकला. त्या रात्रीपासून झोप उडाली.

आधी आम्ही कागदावर हिशेब मांडला. भीतीवर बोलण्याआधी मी आकड्यांवर बोलते, कारण मोघम आकडा भीतीला खतपाणी घालतो. कुलाब्यात दोन खोल्या, तिघी-तिघींच्या, करासह १२,६०० म्हणजे माणशी २,१००. शनिवारचं रात्रीचं जेवण १,८००. रेल्वेचं साधं आरक्षित तिकीट जाऊन-येऊन अडीचशेच्या आसपास. झाले ४,१५०. ग्रुपवरचे साडेचार हजार ते साधारण हेच.

आता यात काय धरलं नव्हतं ते पाहा. वाढदिवस जिचा, तिचा वाटा बाकीच्या पाचजणी उचलणार. म्हणजे प्रत्येकीचा खर्च थेट २० टक्क्यांनी वाढला, ८३० रुपये. भेटवस्तूची वर्गणी १,०००. केक आणि फुगे ५००. दोन दुपारची जेवणं आणि नाश्ता १,२००. टॅक्सी ४००. शिवाय ‘सगळ्यांनी एकाच रंगात यायचं’ असं ठरलेलं, तो ड्रेस १,२००. एकूण ९,२८०. असल्या सहलीचा पहिला आकडा जवळजवळ नेहमीच निम्मा असतो, आणि त्यात कुणाची लबाडी नसते. आखणी करणारी खोली, जेवण आणि गाडी एवढंच मोजते, बाकीचं तिथे गेल्यावर सुचतं.

‘तुला किती जमतील?’

‘चार हजार. फार ओढून.’

‘मग तेवढं सांगून टाक.’

‘नाही हो मॅडम, कसं सांगणार?’

‘सांगितलंस तर काय होईल?’

‘त्या म्हणतील, ठीक आहे.’

‘मग?’

‘मनात म्हणतील, हिचं नेहमीचंच. पुढच्या वेळी विचारणारच नाहीत.’

‘नाही विचारलं तर?’

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘तर मी त्यांच्यातली नाहीच.’

गाठ इथे होती. चार हजारांचा प्रश्न कधीच ‘मी त्यांच्यातली की नाही’ असा होऊन बसला होता, आणि असल्या प्रश्नाला कुठलाही आकडा पुरत नाही. कर्ज काढून गेली असती तरी तो पुढच्या वाढदिवसाला पुन्हा उभा राहिला असता. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती मला जवळची वाटते ती यासाठीच. घडलेल्या गोष्टीपेक्षा तिच्याबद्दलचा आपला समज माणसाला जास्त छळतो, आणि समज तपासता येतो.

म्हणून मी तिला एक प्रश्न विचारला. अशा वेळी हा प्रश्न मी राखून ठेवते, आधी विचारला तर वाया जातो. ‘तुमच्यातली कुणी आजवर अर्धवट आली आहे का?’

तिला आठवलं. एकीचं बाळ लहान होतं. मागच्या कोजागरीला ती तासाभरासाठी आली, वर्गणीही थोडी कमी दिली.

‘तेव्हा तू मनात काय म्हणालीस?’

‘काही नाही. आली म्हणून बरं वाटलं.’ आणि ती एकदम हसायला लागली. हसता हसता डोळे पुसले. ‘म्हणजे मी तिला जे मोजत नाही ते मला मोजते.’

हे वाक्य मी सुचवलेलं नाही, हे मुद्दाम सांगते. मी सुचवलं असतं तर तिनं मान डोलावली असती आणि घरी जाऊन पुन्हा तळमळत बसली असती. स्वतःसाठी एक कायदा आणि मैत्रिणीसाठी दुसरा, हे ज्याचं त्यालाच दिसावं लागतं.

पण समज सैल झाला म्हणजे काम झालं असं नाही. निरोप पाठवायचा बाकी होता, आणि माणसं तिथेच फसतात. मन दुखवायला नको म्हणून नकार लांबवतात, शेवटी शुक्रवारी संध्याकाळी ‘ताप आलाय’ कळवतात. खोल्या घेऊन झालेल्या असतात, स्वस्त दराच्या खोलीचे पैसे बहुधा परत मिळत नाहीत. पाच देणाऱ्यांच्या चार झाल्या की उरलेल्या प्रत्येकीवर २५ टक्के जादा बोजा पडतो. नकारानं सहसा कुणी दुखावत नाही, या उशिरानं दुखावतं. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. आकडा सांगायची वेळ त्याआधीची, निदान खोली ठरायच्या आधीची.

निरोप आधी आखणी करणारीला एकटीला पाठवावा. ग्रुपवर टाकला की पाचजणींना एकदम प्रतिक्रिया द्यावी लागते आणि सहानुभूतीचा पूर येतो, तो जास्त बोचतो. निरोपात आकडा असावा, त्यात काय काय धरलंय ते असावं, आणि आपण काय करू शकतो ते असावं. कारणांची यादी नको. माफी तर नकोच, कारण माफी मागितली की समोरची समजूत घालायला लागते आणि मुद्दा राहून जातो. तिनं लिहिलं ते असं: ‘मी येतेय. भेट आणि तिचा वाटा धरून माझे चार हजारांपर्यंत जमतील. त्यात राहणं बसत नाही, म्हणून मी शनिवारी सकाळी तुमच्याबरोबर येते आणि संध्याकाळच्या गाडीनं परतते. केक दुपारी कापता येईल का?’

हे जमण्यासारखं असतं. डेक्कन क्वीन सकाळी ७:१५ ला पुण्याहून सुटते, १०:२५ ला सीएसएमटीला पोहोचते आणि परतीला ५:१० ला निघते. मधे पावणेसात तास मिळतात. काळा घोडा, तिथलं वस्तुसंग्रहालय, निवांत जेवण आणि केक यांना तेवढे पुरतात. घारापुरी मात्र त्यात कोंबू नये. लाँचलाच एका बाजूला तासभर लागतो. (राहणाऱ्यांनाही दुपारपर्यंत खोली मिळत नाही, तेव्हा सामान हॉटेलच्या काउंटरवर ठेवून सगळ्या मिळूनच फिरत असतात.)

मैत्रीण रुसली तर? रुसू शकते. ते वाईट वाटेल, पण सहन न होण्याइतकं नाही. रुसव्यावर लगेच पैसे काढून देऊ नयेत, नाहीतर पुढच्या वेळी तुमचा आकडा कुणी खरा मानणार नाही. मात्र पैशाचा प्रश्न नसतानाही प्रत्येक गाठीभेटीआधी छाती धडधडत असेल, महिनोन्‌महिने माणसं टाळली जात असतील, तर हे प्रकरण वेगळं आहे. तिथे समुपदेशक किंवा डॉक्टरांना भेटावं. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांकही आहे.

आखणी जिच्याकडे आहे तिला दोन शब्द. ‘एवढ्यात जमेल ना?’ असं ग्रुपवर विचारू नका, त्याला सगळ्या हो म्हणतात. प्रत्येकीला वेगळं विचारा, ‘सगळं धरून तुझा वरचा आकडा किती?’, आणि सर्वांत लहान आकड्यावर बेत बसवा. खोलीचं भाडं रात्रीला ७,५०० च्या वर गेलं की जीएसटी १८ टक्के लागतो, हे खोली निवडतानाच पाहा. रात्रीच्या जेवणात दारूचं बिल वेगळं मागा, न पिणारीला त्यातला वाटा देताना बोलवत नाही. सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे, नको असेल तर काढून घेता येतो. सगळं एकीच्या कार्डावर गेलं असेल तर हिशेब रविवारी परतीच्या गाडीतच मिटवा. आठवडाभरानं आठवण करून द्यायला तिलाही जड जातं.