एटीव्हीचं (खडबडीत रस्त्यावरच्या चारचाकी बाइकचं) पोट सारखं दगडांना घासतं. लिफ्ट किट (गाडी वर उचलणारे सस्पेन्शनचे सुटे भाग) बसवू की मोठे टायर?

आधी मोठे टायर. लिफ्ट किटचा विचार मागे स्वतंत्र सस्पेन्शन (दोन्ही चाकं वेगवेगळी वरखाली होणारं) असेल तरच करा. मागचा अ‍ॅक्सल सलग असेल तर तो चाकांनाच जोडलेला असतो. स्प्रिंग कितीही उचलली तरी मधोमध लोंबणारं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) जमिनीपासून तेवढंच राहतं. टायरचा व्यास २ इंच वाढला की उंची वाढते १ इंच, बस्स.

त्याआधी फुकटातला उपाय: शॉक अ‍ॅब्सॉर्बरवरची प्रीलोड कॉलर (स्प्रिंगचा ताण ठरवणारी कडी) पान्याने एक-दोन खाचा घट्ट करून बघा. बऱ्याचदा गाडी मुळात बुटकी नसते, तुम्ही बसल्यावर दबते.

मात्र उंची वाढली की आडव्या उतारावर गाडी लवकर कलंडते. शिवाय लिफ्टमुळे सीव्ही जॉइंटचा (चाकाकडे जाणाऱ्या अ‍ॅक्सलच्या वाकणाऱ्या सांध्याचा) कोन वाढून त्यावरचे रबरी बूट (आवरणं) फाटतात.