गेल्या मे महिन्याची सहल अजून फिटायची आहे

प्रश्न : आम्ही मुलुंडला राहतो. मी 40, मिस्टर 44, दोघंही खासगी नोकरीत. हातात मिळून महिना 1 लाख 15 हजार येतात. मुलगी यंदा दहावीत जातेय, मुलगा आठ वर्षांचा, सासूबाई 77. मेच्या दुसऱ्या आठवड्यात मुलाची मुंज आहे. तिच्यासाठी दीड लाख बाजूला काढलेत, शिवाय निदान 50 हजार आहेर येईलच. मुंज झाल्यावर पाचही जणांनी सिमला-मनालीला जायचं ठरतंय. टूर कंपनीचा खर्च सव्वादोन लाख. त्यासाठी पर्सनल लोन घ्यावं (14 टक्के, दोन वर्षं) की कंपनी देतेय तो कार्डावरचा बारा महिन्यांचा नो-कॉस्ट ईएमआय? 2 लाख आणि 3 लाख अशा दोन एफडी आहेत, पण त्यांना हात लावायचा नाही. गेल्या मेमधली केरळची सहल आणि हॉलिडे मेंबरशिपचं डाउन पेमेंट मिळून 2 लाख कार्डावर होते, त्यातले 1 लाख 80 हजार राहिलेत. मात्र मिनिमम ड्यू न चुकता भरतो, लेट फी एकदाही लागलेली नाही. मेंबरशिप 25 वर्षांची, हप्ता 9,300, एकूण 48 हप्ते, वर्षाची देखभाल फी 20 हजार. मेमध्ये तिचं बुकिंग मिळत नाही म्हणून टूर कंपनी. पण ती गुंतवणूकच आहे, पाच वर्षांनी विकता येते असं त्यांनी सांगितलंय. जुलैत मिस्टरांचा 80 हजार बोनस येईल. घराचा हप्ता 32 हजार आहे.

उत्तर : लोनही नको आणि ईएमआयही नको. पर्सनल लोनचा हप्ता होईल 10,800, दोन वर्षांत व्याज सुमारे 34 हजार, वर प्रोसेसिंग फी. नो-कॉस्ट ईएमआयचा हप्ता होईल पावणेएकोणीस हजार. त्यातल्या ‘नो कॉस्ट’वर फार विसंबू नका. व्याज असतंच. ते कधी किमतीत मिसळलेलं असतं, कधी रोखीवर मिळणारी सूट काढून घेऊन वसूल होतं, आणि त्या व्याजावरचा जीएसटी तरीही तुमच्याच बिलात येतो. शून्य टक्के व्याज नावाची गोष्ट अस्तित्वात नसते, हे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच परिपत्रक काढून बँकांना सुनावलं होतं. त्यानंतर जाहिरातीतला शब्द तेवढा बदलला.

तुम्ही विचारलेलं इथे संपलं. आता न विचारलेलं.

‘मिनिमम ड्यू न चुकता भरतो, लेट फी एकदाही लागलेली नाही.’ हे वाक्य तुम्ही थोड्या अभिमानाने लिहिलंय, आणि तुमच्या घरातून सगळ्यात जास्त पैसा तिथूनच गळतोय. मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान रक्कम, भरला की दंड टळतो, सिबिलवर (कर्जफेडीच्या नोंदीवर) डाग पडत नाही. व्याज थांबत नाही.

हिशोब ढोबळ करू. कार्डाचं व्याज साधारण महिना साडेतीन टक्के. 1 लाख 80 हजारांवर झाले 6,300. त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी 1,100. महिन्याला 7,400 नुसतं व्याजापोटी. तुम्ही भरता 5 टक्के, म्हणजे 9,000. मुद्दलात जातात जेमतेम 1,600. गेल्या अकरा महिन्यांत तुम्ही सव्वाएक नाही तरी एक लाखाच्या वर नक्की भरलेत, आणि 2 लाखांचे झालेत 1 लाख 80 हजार. वरचे 85 हजार बँकेकडे गेले. याच वेगाने भरत राहिलात तर हे कर्ज निम्मं व्हायलाच आणखी साडेसहा वर्षं लागतील. तोवर मुलीचं कॉलेजही संपलेलं असेल.

आणखी एक गोष्ट कार्ड देताना कुणी समजावून सांगत नाही. पूर्ण बिल भरणाऱ्याला पंचेचाळीस-पन्नास दिवसांची बिनव्याजी सवलत मिळते. जुनी बाकी राहिली की ती नव्या खरेदीलाही लागू होत नाही. आज त्या कार्डावर किराणा भरलात तर त्यावर आजपासून व्याज. वर्षभर तुम्ही तूरडाळही 42 टक्क्यांनी घेताय.

आणि हे सगळं चालू असताना बँकेत 5 लाखांच्या एफडी सात टक्क्यांनी पडून आहेत! एफडी मोडू नये, हे आपल्याकडे लहानपणापासून कानावर पडतं, म्हणून मराठी घरात तिला देवघरातल्या टाकांसारखं जपतात. पण 2 लाखांची एफडी तुम्हाला महिन्याला सुमारे 1,150 रुपये देते, तेही कर कापायच्या आधी, आणि ती जपण्यासाठी तुम्ही 7,400 मोजता. मुदतीआधी मोडल्याचा दंड अर्धा ते एक टक्का व्याज, म्हणजे ठेव वर्षभराची असेल तर फार तर 2,000, तोही एकदाच. चार दिवसांच्या कार्ड-व्याजात हा दंड वसूल होत नसेल, पण आठ-नऊ दिवसांत होतो.

तेव्हा या आठवड्यात बँकेत जा आणि 2 लाखांची एफडी मोडून कार्डाची सगळी बाकी भरा. मिनिमम नव्हे, पूर्ण. पुढच्या बिलात मधल्या दिवसांचं व्याज म्हणून थोडी रक्कम पुन्हा दिसेल. चूक झाली असं समजून भांडत बसू नका, तीही भरून टाका, मग पाटी कोरी. मध्येच बँकेचा फोन येईल, ‘मॅडम, तुमची बाकी ईएमआयमध्ये करून देऊ का?’ ज्याच्याकडे दुसरा पैसाच नाही त्याला ते ठीक. तुमच्याकडे आहे. 3 लाखांची एफडी मात्र राहू द्या. ती अडीनडीची.

आता ती मेंबरशिप. मॉलमध्ये कूपन भरलं, चार दिवसांनी ‘तुमचं नाव निघालंय’ म्हणून फोन आला, ‘नवरा-बायको दोघांनीही यायचं’ अशी अट, मग दोन तास सादरीकरण आणि ‘ही किंमत फक्त आज’. तुम्ही लिहिलं नाहीत, पण असंच झालं असणार. ज्या वस्तूची किंमत उद्या सकाळी बदलते ती वस्तू रात्री घेऊ नये.

48 हप्ते आणि डाउन पेमेंट मिळून सुमारे 5 लाख. 25 वर्षांवर पसरले तर वर्षाला 20 हजार. वर देखभाल फी 20 हजार, तीही दरवर्षी वाढणारी. म्हणजे वर्षाला मिळणाऱ्या सात रात्रींना 40 हजार, एका रात्रीला 5,700, नुसत्या खोलीचे. जेवण वेगळं, प्रवास वेगळा. शिवाय हातातला पैसा आधी देऊन टाकल्याचं व्याज मी धरलेलंच नाही. एवढं करून मेमध्ये खोली नाही, कारण तुम्हाला स्वस्त मोसमाची मेंबरशिप विकलीय. ज्यांच्या घरात शाळेत जाणारी दोन मुलं आहेत त्यांना मे आणि दिवाळी सोडून बाकीचं वर्ष विकणाऱ्याचं मला कौतुकच वाटतं.

ही गुंतवणूक नव्हे. पाच वर्षांनी विकायला जाल तेव्हा विकणारे ढीगभर भेटतील, घेणारा शोधावा लागेल. ‘आम्ही तुमची मेंबरशिप विकून देतो, आधी एवढी फी भरा’ असा फोन आला तर सरळ ठेवून द्या, त्या नावाखाली पुष्कळ फसवणूक चालते. करारपत्र काढून रद्द करण्याचं कलम वाचा. किती कापून किती परत मिळतात ते लेखी विचारा, ईमेलवर, फोनवर नाही. उरलेले 37 हप्ते म्हणजे 3 लाख 44 हजार आणि पुढच्या 24 वर्षांची देखभाल फी एका बाजूला ठेवा, रद्द करताना बुडणारी रक्कम दुसऱ्या बाजूला. माझा अंदाज, बुडवलेलं परवडेल. पण रागाच्या भरात हप्ते परस्पर बंद करू नका. हप्त्यामागे बहुधा फायनान्स कंपनीचं कर्ज असतं, आणि ते थकलं तर तुमचंच सिबिल खराब होईल. आधी रद्द, मग हप्ता बंद. दाद लागत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915.

मुंजीबद्दल. तुम्ही पत्रासोबत पत्रिकेचा फोटो पाठवलाय. छान आहे. त्यात तळाला छापलंय, ‘आपली उपस्थिती हाच आमचा आहेर’. आणि पत्रात 50 हजार आहेर धरलाय! दोन्हींपैकी एक काहीतरी खोडा. माझ्या मते आहेर शून्य धरा. 200 पानं साडेपाचशेने म्हणजे 1 लाख 10 हजार जेवणातच गेले. हॉल, गुरुजी, फोटो, मुलाचं सोवळं, मानपान हे उरलेल्या 40 हजारांत बसत नाही. पत्रिका अजून वाटल्या नसतील तर पानं 130 वर आणा, सगळं दीड लाखात बसेल. ऑफिसच्या लोकांना नंतर पेढे द्या, कुणी रुसत नाही.

बोनस जुलैत ‘येईल’ आणि आहेर ‘येईलच’, अशा भविष्यकाळावर तुमचा अर्धा हिशोब उभा आहे. बोनस हातात पडला की तो मोडलेली एफडी भरून काढायला वापरा, आधी कुठेही धरू नका. मिस्टरांच्या एलटीएचंही (पगारातल्या रजा-प्रवास भत्त्याचंही) तसंच. नव्या करप्रणालीत असतील तर एलटीएवर करसवलत नाही. जुनीत असतील तर सवलत फक्त प्रवासभाड्यावर मिळते, हॉटेल-जेवणावर नाही.

राहता राहिला हा मे. पाचही जणांनी दहा दिवस सिमल्याला जायचं म्हणता, पण दहावीचे क्लास मुंबईत एप्रिल-मेमध्येच व्हेकेशन बॅच सुरू करतात. मुलीला विचारलंय का? ती तिथे मॉल रोडवर बसून नोट्स मागवत राहील. पुढच्या मेमध्ये तिची परीक्षा झालेली असेल, निकाल लागलेला किंवा लागायचा असेल, आणि घरातल्या सगळ्यांनाच कुठेतरी जायचं असेल. सिमला तेव्हा करा. कार्ड फिटलं की महिन्याचे 9,000 सुटतात. ते जूनपासून आवर्ती ठेवीत टाका, एप्रिलपर्यंत 1 लाख होतील. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, त्याच दिवशी तिकिटं काढून, हॉटेलं स्वतः बघून पाच माणसांचं हिमाचल सव्वा लाखाच्या आसपास बसवता येतं. थोडी भर त्या वेळच्या पगारातून घालावी लागेल, कर्ज नाही. मिस्टरांचे मित्र म्हणतील, एसआयपीत (म्युच्युअल फंडात दरमहा) टाका, 15 टक्के मिळतात. एका वर्षाच्या पैशाला शेअर बाजार नको. ज्या महिन्यात तिकिटं काढायची त्याच महिन्यात बाजार पडला, तर मनालीऐवजी माथेरान.

आणि यंदा? मुंजीनंतर बटूला घेऊन कुलदैवताला जायचं असतंच. तुमचं गाव देवगडकडे आहे असं लिहिलंय, मग चार-पाच दिवस तिकडेच. कोकण रेल्वेच्या मेच्या गाड्या आता भरल्या असतील, उन्हाळी विशेष गाड्या लागतात का बघा, नाहीतर सरळ एसटी. एसटीत तुम्हाला आणि मुलीला अर्धं तिकीट, मुलाला वयामुळे अर्धं, सासूबाई 75 च्या वर म्हणून त्यांना फुकट (आधार कार्ड सोबत घ्या), पूर्ण तिकीट एकट्या मिस्टरांचं. पाच माणसं, अडीच तिकिटं. कुणकेश्वर, समुद्र, झाडावरचा आंबा, येताना दोन पेट्या, सगळं 25-30 हजारांत. ते एफडीतून उरलेले आणि मेच्या पगारातून निघतील.

विम्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाही. 32 हजारांचा घराचा हप्ता आणि दोन मुलं असताना टर्म इन्शुरन्स नसेल, तर सहलीच्या आधी तो. सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही, तेवढीच सूट. जुन्या पॉलिसींचे कागद पाठवलेत तर त्यावर वेगळं लिहीन, मला शंका आहेच.

ताजा कलममध्ये तुम्ही टूर कंपनीला 10 हजार टोकन भरल्याचं म्हटलंय. उद्याच फोन करा आणि ते पुढच्या वर्षीच्या सहलीत वळवून देतात का विचारा. नाही म्हणाले तर रद्द करा आणि जे कापतील ते कापू द्या. निघायची तारीख जसजशी जवळ येते तसतशी कापायची रक्कम वाढत जाते, म्हणून मुंजीच्या गडबडीत हा फोन मागे टाकू नका.