आधी उताणं होणं, मग पोहणं

अमेरिकेत 1 ते 4 वर्षांच्या मुलांच्या मृत्यूंमागचं सर्वांत मोठं कारण बुडणं हे आहे. या वयाची मुलं बहुतेकदा पोहायला म्हणून पाण्यात गेलेलीच नसतात. घरी पाहुणे जमलेले असतात, मागचं सरकतं दार उघडं राहतं आणि मूल घरच्याच कपड्यांत अंगणातल्या पोहण्याच्या तलावाशी पोचतं. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं, त्यामुळे ते तोंडावर पडतं. आवाज होत नाही, कारण ओरडायला लागणारा श्वासच त्याच्यापाशी नसतो. म्हणून हात मारत पुढे जाण्याआधी त्याला उताणं होऊन नाक-तोंड हवेत ठेवता आलं पाहिजे.

फ्लोरिडात हार्वे बार्नेट यांनी 1966 मध्ये सुरू केलेली आयएसआर (इन्फंट स्विमिंग रिसोर्स) ही लहान मुलांना पाण्यात स्वतःला सावरायला शिकवणारी पद्धत याच क्रमाने जाते. धडा 10 मिनिटांचा, आठवड्यातून 5 दिवस, साधारण 6 आठवडे, आणि एका वेळी एकच मूल. वर्षाच्या आतलं बाळ फक्त उताणं होऊन तरंगायला शिकतं. वर्षानंतरचं मूल तोंड पाण्यात घालून थोडं पोहतं, श्वासासाठी उताणं होतं, पुन्हा पालथं होऊन पायरी गाठतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना पोहण्याचे धडे 1 वर्षानंतर सुचवते. त्याआधीच्या धड्यांनी बुडण्याचा धोका कमी होतो असा पुरावा तिला सापडलेला नाही. त्यामुळे सात-आठ महिन्यांच्या बाळाला क्लास लावलात, तरी त्याच्या भरवशावर पाण्याजवळ राहू नका.

तरंगताना कान पाण्यात, हनुवटी वर आणि पोट वर हवं. प्रशिक्षक सुरुवातीला डोक्यामागे आणि पाठीखाली हात धरतो आणि आधार थोडा-थोडा काढतो. मुलाने डोकं उचललं की कंबर खाली जाते, पाय लोंबतात आणि ते उभं होऊन बुडू लागतं. बहुतेकांचं इथेच अडतं. दंडात घालायचे फुगे हीच चूक पक्की करतात, कारण त्यांत शरीर उभं राहतं आणि फुगे नसतानाही मूल उभंच राहायला बघतं. ते घेऊ नका. गॉगलही सुरुवातीला नको. त्याची सवय झालेलं मूल एरवी पाण्यात पडलं की डोळे मिटून घेतं आणि काठ शोधत नाही.

धड्याआधी दीड-दोन तास खायला-प्यायला देऊ नका, पोटातलं दूध-पाणी वर येतं. त्या दिवशीची तेलमालीश धड्यानंतर करा. तेल लावलेलं बाळ प्रशिक्षकाच्या हातातून निसटतं. पाणी 30 ते 32 अंशांच्या आसपास हवं. ओठ निळसर झाले किंवा अंग थरथरलं की लगेच बाहेर काढा. बाळ वारंवार बुचकळलं गेलं तर बरंच पाणी गिळतं आणि रक्तातलं सोडियम घसरू शकतं. धड्यानंतर उलट्या, विचित्र सुस्ती किंवा झटके आले तर थेट इस्पितळ गाठा. बाळाला जबरदस्तीने बुचकळणारा, किंवा धडा पालकांना पाहू न देणारा शिक्षक आम्ही कधीच सुचवणार नाही. आणि शिक्षकाचं पाहून घरच्या टबात तो प्रयोग करू नका.

शेवटचे धडे कपड्यांत झाले पाहिजेत. आधी डायपर आणि उन्हाळी कपडे, मग जॅकेट आणि बूट. भिजलेले कपडे अंग जड करतात, ते मुलाला आधी जाणवलेलं बरं. नेदरलँड्समध्ये पोहण्याच्या पहिल्या प्रमाणपत्राच्या, म्हणजे ए डिप्लोमाच्या, परीक्षेतही मुलांना कपडे-बूट घालून पोहावं लागतं. उंची-वजन वाढलं की तोल बदलतो, म्हणून दर हंगामाच्या सुरुवातीला उजळणी करून घ्या.

घरात तलाव असेल तर चारही बाजूंनी किमान 1.2 मीटर उंच कुंपण आणि आपोआप मिटून कडी लागणारं फाटक लावा. घराची भिंत ही चौथी बाजू मानू नका. दार तिथेच असतं. पॉटलकच्या (प्रत्येकाने एक पदार्थ आणायच्या जेवणाच्या) दिवशी सगळेच बघत असतात, म्हणजे कुणीच बघत नसतं. पंधरा मिनिटांची पाळी लावा आणि पाळीवाल्याने फोन बाजूला ठेवावा. भारतातून आलेल्या आजी-आजोबांना फाटकाची कडी पहिल्याच दिवशी दाखवा. त्यांना पोहता येत नसेल तर तलावाकाठी मूल एकट्या त्यांच्यावर सोपवू नका. आंघोळीची बादली वापरून झाल्यावर लगेच रिकामी करून उपडी ठेवा. रांगतं बाळ त्यातही डोक्यावर पडतं.

मूल पाण्यातून काढल्यावर उलटं धरून किंवा पोट दाबून पाणी काढायला जाऊ नका. श्वास नसेल तर आधी तोंडाने श्वास द्या, मग 30 वेळा छातीवर दाब आणि 2 श्वास, हे चालू ठेवा. दुसऱ्याने 911, 112 किंवा तुमच्या देशाचा नंबर लावावा. याचं प्रशिक्षण घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने घ्यावं.

सुट्टीत गावी गेल्यावर कुणी मामा-काका पाठीला डबा किंवा भोपळा बांधून विहिरीत उतरवायला निघतील. आठ-दहा वर्षांच्या पोरांसाठी ती रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तीन वर्षांच्या मुलासाठी ती नाही. कोकण-गोव्यातल्या कित्येक रिसॉर्टच्या तलावांना कुंपणही नसतं. मुलाच्या वजनाला बसणारं, दोन पायांमधून पट्टा असलेलं लाइफ जॅकेट घरूनच बॅगेत भरा, आणि ते घातलं तरी मुलापासून हातभर अंतरावरच राहा.