मुलीच्या रक्तात शिसं आलंय, घरात नेमकं कुठे शोधायचं?

तुम्ही लिहिलंय की चार वर्षांच्या मुलीच्या रक्तात शिसं ९ निघालं, डॉक्टरांनी ‘घरात कुठून येतंय ते शोधा’ एवढंच सांगितलं, आणि आता हळद, पाणी, सासूबाईंची पितळेची भांडी असं सगळंच एकदम बदलायचा तुमचा विचार आहे. मिरजेत जुन्या घरात राहता, नळाला नवीन पाइप टाकलाय, हेही वाचलं. पाच वर्षांपूर्वी आमच्या मुलाच्या अहवालावर २३ लिहिलं होतं. तेव्हा तो अडीच वर्षांचा होता. त्या रात्री मीही स्वयंपाकघरातले निम्मे डबे ओट्यावर काढून ठेवले होते, म्हणून सविस्तर लिहिते. मी डॉक्टर नाही. आमच्या घरी जे घडलं आणि त्या निमित्ताने जे शिकले, ते सांगते.

आधी एक विचारते. रक्त बोट टोचून घेतलं होतं की शिरेतून? बोटावर धूळ असेल तर आकडा खोटा वाढतो. बोटाचं असेल तर शिरेतून पुन्हा तपासून घ्या. हा आकडा मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये असतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ किंवा त्याहून जास्त आलं तर ते कुठून येतंय हे शोधून थांबवायचं. अमेरिकेत हीच रेषा २०२१ पासून ३.५ वर आणली आहे. शिसं शरीरातून ओढून काढायची औषधं मुलांना साधारण ४५ च्या पुढे देतात. म्हणजे ९ ला औषध नाही, शोध हाच उपचार. कुणी ‘शरीर शुद्ध करणारं’ चूर्ण किंवा भस्म सुचवलं तर घेऊ नका. नागभस्मातला नाग म्हणजे शिसंच. इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक औषधांची तपासणी २००८ मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात छापून आली होती. त्यांपैकी जवळजवळ पाचव्या हिश्शात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. मुलीला आधीपासून असं काही चालू असेल, अगदी बाळगुटीसुद्धा, तर यादीत ते सगळ्यात वर लिहा.

आता आमचं सांगते. आम्ही विट्याचे. आमच्या भागात, खानापूर-आटपाडीकडे आणि पलीकडे माण-खटावात, दुष्काळामुळे घरटी एक तरी माणूस गलाईला बाहेर गेलेला असतो. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. मामांनी बत्तीस वर्षं कोइमतूरला गलाई केली, सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं काम. परत आल्यावर हात स्वस्थ बसेनात, म्हणून परड्यात पत्र्याची शेड मारून छोटी भट्टी लावली. ओळखीच्या सोनारांकडची झाडण आणायचे, म्हणजे दुकानात झाडून गोळा केलेली धूळ. ती जाळून शिशाबरोबर वितळवली की शिसं त्यातलं सोनं-चांदी धरून घेतं. मग भट्टीत वारा देत तापवलं की शिशाचं मुरदाडशिंग, म्हणजे शिशाचा ऑक्साइड, होऊन ते बाजूला निघतं, काही धुरावाटे उडून जातं, आणि खाली मोलाचा मणी उरतो. शेकडो वर्षांची ही विद्या आहे आणि मामांचा त्यात हात बसलेला होता.

पोरगा मात्र त्याच परड्यात रांगला. माती खायचा. ‘लहान मुलं खातातच’ असं सगळे म्हणायचे आणि मीही म्हणायचे. पोट दुखतं म्हणून रडायचा, चार-चार दिवस शौचाला नाही, चिडचिड वाढलेली, हिमोग्लोबिन नऊच्या खाली. लोहाचं औषध तीन महिने देऊनही फरक पडेना, तेव्हा सांगलीच्या बालरोगतज्ज्ञांनी मामांचा धंदा काय असं विचारलं. मी जरा चिडलेच, पोराच्या पोटदुखीशी आजोबाच्या धंद्याचा काय संबंध म्हणून. त्यांनी शांतपणे रक्तातलं शिसं तपासायला लिहून दिलं.

अहवाल आल्यावर आम्ही दोघांनी आधी पाण्यावर संशय घेतला, मग हळदीवर, मग भांड्यांवर. परड्याचं नाव काढायला कुणी तयार नव्हतं, कारण ते नाव काढणं म्हणजे मामांच्या आयुष्यभराच्या कामाकडे बोट दाखवणं. शेवटी मातीचा नमुना प्रयोगशाळेत दिला. (शेतीसाठी नेहमीचं माती परीक्षण करतात त्यात शिसं धरलेलं नसतं, ते वेगळं सांगून करून घ्यावं लागतं.) भट्टीजवळच्या मातीत किलोला तीन हजार मिलिग्रॅमच्या वर शिसं निघालं. पाण्यात जवळजवळ काहीच नव्हतं. कागद मी मामांपुढे ठेवला. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “तीस वर्सं माझं पोट दुखतंय म्हणून मी सोडा पीत होतो, पोरी.” त्यांचं रक्त तपासलं तर ४१ निघालं. दुसऱ्या दिवशी भट्टी त्यांनी स्वतःच्या हाताने फोडली.

तुमच्या घरी भट्टी नसेल. पण हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की बऱ्याचदा शिसं येण्याचं एखाद-दुसरं ठिकाणच मुख्य असतं. सगळंच एकदम बदललं तर आकडा उतरेल, पण कशाने उतरला ते कळणार नाही, आणि खरं कारण घरात राहून गेलं तर पुढच्या भावंडाच्या वेळी पुन्हा हेच. म्हणून पहिला प्रश्न हा विचारा की घरात, शेजारी किंवा नात्यात कुणाचा हात शिशाला लागतो का? जुन्या बॅटऱ्या फोडणं-दुरुस्त करणं, भंगार, झाळकाम, रंगकाम, गलाई. कामाचे कपडे घालून कुणी मुलीला कडेवर घेतं का? दुसरा प्रश्न, मुलगी काय चाटते, काय खरवडते, दिवसभर जमिनीवर कुठे बसते? तेवढंच शिसं पोटात गेलं तरी मोठ्या माणसापेक्षा लहान मूल त्यातलं चार-पाचपट शोषून घेतं.

जुनं घर म्हणालात, म्हणून रंगाकडे बघा. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत असावं हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा तैलरंग, विशेषतः पिवळा, लाल, हिरवा, दारं-चौकटींवर आणि खिडक्यांच्या गजांवर असेल तर पोपडे आणि खिडकीतली धूळ हा मोठा संशय. दिवाळीच्या आधी चौकट कोरडी घासून नवीन रंग लावतात, त्या पंधरा दिवसांत मुलीला घरी ठेवू नका. घासायचंच असेल तर ओलं करून घासा. घरात कोरडा झाडू फिरवण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसा. आम्ही मातीचंही तसंच केलं. उचलून दुसऱ्याच्या दारात टाकणं मनाला पटेना, म्हणून मुरूम पसरून वर काँक्रीट ओतलं.

हळदीबद्दल तुमची भीती मला समजते, आणि सांगलीकरांना ती जास्त लागते. २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली आपली हळद, पूर्वी हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांत जपली जाणारी. तिच्यावर संशय घ्यायला जीव होत नाही. शिसं हळदीत मातीतून फारसं येत नाही, ते रंगातून येतं. लेड क्रोमेट नावाची पिवळीजर्द रंगपूड हळकुंडांना पॉलिश करताना लावली की कळाहीन मालसुद्धा झळकतो. बांगलादेशात २०१९ मध्ये बाजारातल्या जवळजवळ निम्म्या नमुन्यांत हा प्रकार सापडला. सरकारने व्यापाऱ्यांना दंड केले, लोकांना सांगितलं, आणि २०२१ पर्यंत नमुने स्वच्छ यायला लागले. म्हणजे हे थांबवता येतं. आपल्याकडच्या कायद्यात हळदीत लेड क्रोमेट अजिबात चालत नाही, आणि शिशाची कमाल मर्यादा १० पीपीएम आहे. पण हा हिशेब करून बघा. १० पीपीएमची अर्धा ग्रॅम हळद मुलीच्या पोटात गेली तर ५ मायक्रोग्रॅम शिसं गेलं. अमेरिकेच्या अन्न-औषध खात्याने मुलांसाठी खाण्यातून दिवसाला २.२ मायक्रोग्रॅमची रेषा धरली आहे. कायद्यात बसणारी हळदही चार वर्षांच्या पोरीला पुरेशी सुरक्षित आहे असं मला म्हणवत नाही. म्हणून सुटी पूड बंद करा. ओळखीच्या शेतकऱ्याकडून पॉलिश न केलेली, मातकट दिसणारी हळकुंडं घ्या आणि डंकावर दळून आणा. नुसती अखंड हळकुंडं घेतली म्हणजे झालं असं नाही, रंग त्यांच्याच सालीवर बसतो. पाण्यात पूड टाकून बघायची किंवा ॲसिडचे थेंब टाकायचे घरगुती प्रयोग शिसं दाखवत नाहीत. ॲसिडचा प्रयोग वेगळ्या, मेटॅनिल यलो नावाच्या रंगासाठी असतो. खात्री हवी तर डब्यात आत्ता आहे तीच हळद प्रयोगशाळेत द्या, आणि टाकून द्यायच्या आधी द्या.

पाण्याचं थोडक्यात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त शिसं नको. पीव्हीसी पाइप टिकावा म्हणून त्यात शिशाचे क्षार घालत असत, ते बंद करायचे नियम केंद्राने २०२१ मध्ये काढले. पितळी नळाच्या धातूतही थोडं शिसं असतं. तपासायला द्यायचं पाणी सकाळचं पहिलं, रात्रभर पाइपात थांबलेलं घ्या, नाहीतर अहवालाला अर्थ नाही. तोवर सकाळी नळ थोडा वेळ वाहू द्या आणि ते पाणी झाडांना घाला. उकळून शिसं जात नाही, पाणी आटतं आणि शिसं उलट दाट होतं. आरओने जातं.

सासूबाईंच्या भांड्यांसाठी मी मध्ये पडते. पत्र्याचं ठोकीव पितळ आणि ओतीव पितळ यांत फरक आहे, ओतिवात शिसं जास्त असू शकतं. खरा प्रश्न कल्हईचा. ती शुद्ध कथलाची असेल तर भीती नाही, पण कथील महाग आणि शिसं स्वस्त, म्हणून भेसळ होते. मामांनी मला शिकवलं की शुद्ध कथलाची कांडी कानाजवळ धरून वाकवली तर करकर आवाज येतो, आणि शिसं कागदावर ओढलं तर काळी रेघ उमटते. हा अंदाज झाला, पुरावा नव्हे. कल्हईवाल्याकडची कांडी अशी बघून मगच त्याला भांडी द्या. चिंचेची आमटी, ताक, सोलकढी, टोमॅटोचं सार त्या भांड्यांत ठेवू नका, आंबट पदार्थ धातू ओढून घेतो. पितळेपेक्षा मला भीती आहे ती भंगार वितळवून ओतलेल्या स्वस्त ॲल्युमिनियमच्या भांड्यांची. ती असतील तर सासूबाईही हरकत घेणार नाहीत.

आणखी एक गोष्ट आमच्याकडे कुणाला सुचली नव्हती. पारंपरिक शेंदूर हा शिशाचाच ऑक्साइड असतो. शिराळ्याच्या, बहेच्या मारुतीला जाऊन आलं की पोराच्या कपाळाला शेंदूर लागतो, आणि तोच हात तोंडात जातो. मारुतीला शेंदूर राहू द्या. मुलीला हात जोडायला लावा, बोट लावू देऊ नका, आणि घरी आल्यावर साबणाने हात धुवा. डोळ्यांत घालायचा सुरमा मात्र पूर्ण बंद. तो बऱ्याचदा शिशाच्या खनिजाचा असतो. दिव्याच्या काजळीचं घरचं काजळ वेगळं. शिसपेन्सिल चावते म्हणून घाबरू नका, शिसं फक्त तिच्या नावात आहे, आत ग्राफाइट असतं. पेट्रोलमधलं शिसंही देशभरात २००० साली बंद झालं.

शोध चालू असताना मुलीचं लोह आणि कॅल्शियम बघा. लोह कमी असलं की आतडी शिसं जास्त ओढतात. रिकाम्या पोटीही तसंच होतं, म्हणून सकाळी उठल्याबरोबर काहीतरी खायला द्या. नाचणी, दूध, अळीव, कडधान्यं, वर लिंबू. आमचा आकडा तीन महिन्यांनी १७ झाला, वर्षाने ९. एवढा सावकाश का, तर हाडांत साठलेलं पुन्हा रक्तात उतरत राहतं. तुमचाही लगेच खाली आला नाही तर शोध चुकला असं समजू नका, पण वाढला तर नक्की काहीतरी राहून गेलंय.

तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं, ‘ती शाळेत मागे पडेल का?’ शिशाने बुद्धीवर आणि लक्ष लागण्यावर परिणाम होतो हे खरं आहे, आणि अमुक पातळीखाली धोका शून्य असं कुणी सांगितलेलं नाही. पण ९ या आकड्यावरून एका मुलीचं भविष्य कुणालाच वाचता येत नाही. २०२० च्या युनिसेफच्या अहवालाप्रमाणे जगातल्या दर तीन मुलांमागे एकाच्या रक्तात ५ च्या वर शिसं आहे, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या आईबापांना ते माहीतही नाही. तुम्हाला चौथ्या वर्षी कळलंय. आमचा पोरगा आता दुसरीत आहे. पाढे म्हणताना त्याचं लक्ष उडतं, ते शिशामुळे की सात वर्षांचा आहे म्हणून, मला सांगता येत नाही. मामा रोज संध्याकाळी त्याला घेऊन बसतात. मागच्या तपासणीत त्याचं ४ आलं, मामांचं १९. परड्यात काँक्रीट झालं तरी चपला घातल्याशिवाय कुणी उतरायचं नाही हा नियम मामांनीच घातलाय, आणि बाहेरून आलेल्या प्रत्येकाला आधी हात धुवायला तेच मोरीकडे पाठवतात.