'सिली' म्हणजे येडा का?

अमळनेरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलाच्या गणिताच्या पेपरवर बाईंनी लाल शाईने 'सिली मिस्टेक' असा शेरा मारला. आजीने अर्थ विचारला. पोराने मोबाईलमध्ये बघून 'मूर्ख' असं सांगून टाकलं आणि आजी उसळली, "मना नातू येडा शे का?" आता ताई विचारतात, हा शब्द खरंच इतका वाईट आहे का? आणि तसं असेल तर क्रिकेटमधला 'सिली पॉइंट' कुठून आला?

आधी आजींचा राग उतरवू. शेऱ्यातलं विशेषण चुकीला लागलंय, पोराला नाही. सगळं गणित बरोबर सोडवून शेवटच्या ओळीत वजाचं चिन्ह खाल्लं, अशी ती चूक. मराठीत तिला 'वेंधळेपणा' म्हणतात. 'मूर्खपणा' म्हणणं म्हणजे चिमटा काढायचा तिथे काठी घालणं.

माणसाला 'सिली' म्हटलं तरी त्यात बहुतेक वेळा अर्धी माया असते. 'डोन्ट बी सिली' हे मैत्रिणीला, लेकराला, नवऱ्याला म्हणायचं. तिथेच 'स्टुपिड' म्हणून बघा, दोन दिवस अबोला. आपल्याकडच्या 'येडा'चंही असंच आहे. आई जवळ घेत "येडा रे येडा" म्हणते तेव्हा पोरगं हसतं. हाच शब्द बसस्टँडवर अनोळखी माणसाला ऐकवा, म्हणजे फरक कळेल. त्यामुळे आजींनी नकळत अगदी नेमका प्रतिशब्द दिला, असं माझं मत आहे. शब्द बरोबर निवडला, फक्त सूर भांडणाचा लागला.

खरी गंमत या शब्दाच्या प्रवासात आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता सुखी, भाग्यवान. त्याचा जर्मन भाऊ 'झेलिश' आजही 'धन्य' याच अर्थाने नांदतो. इंग्रजीत मात्र घसरण सुरू झाली. धन्य तो पुण्यवान, पुण्यवान तो निष्पाप, निष्पाप तो बिचारा, बिचारा तो दुबळा, आणि शेवटी डोक्याने दुबळा. 16व्या शतकात मेंढरांना 'सिली' म्हणत ते मूर्ख म्हणून नव्हे, गरीब बिचारी म्हणून. आजचा अर्थही त्याच शतकात रुळू लागला.

हसू नका, आपण 'भोळा'चं तेच केलंय. भोळा शंकर म्हटलं की हात जोडतो, आणि "जावई जरा भोळाच आहे हो" म्हटलं की सासरवाडीला काय समजायचं ते समजतं. संस्कृतात उलटी वाटही सापडते. 'मूढ' आणि 'मुग्ध' दोन्ही 'मुह्' या एकाच धातूची लेकरं. एक मूर्खच राहिला, दुसऱ्याने भांबावलेला, अजाण, मग गोड असं करत कवितेत जागा मिळवली. इंग्रजीतला 'नाइस'सुद्धा एके काळी 'अडाणी' होता!

जाता जाता मूर्ख या अर्थाच्या इंग्रजी 'फूल'बद्दल. हा शब्द लॅटिन 'फोलिस'वरून आलाय, म्हणजे लोहाराचा भाता. आत नुसता वारा. आणि आपला 'बावळा' संस्कृत 'वातुल'शी नातं सांगतो, वात भरलेला. एवढ्या लांबच्या दोन भाषांना वेडपणात वाराच दिसावा, याचं मला फार नवल वाटतं. अंगात वारं शिरलं, असं आपण आजही म्हणतोच की.

आता सिली पॉइंट. पॉइंट ही मैदानातली क्षेत्ररक्षणाची एक जागा. तिथला क्षेत्ररक्षक बॅट्समनच्या नाकासमोर आणून उभा केला की तो सिली पॉइंट. सिली मिड-ऑन आणि सिली मिड-ऑफही तसेच. इतक्या जवळ उभं राहणं हा वेडेपणाच, म्हणून 'सिली'. इथे कोणी ना कोणी भारताचा जुना कसोटीपटू एकनाथ सोलकरचं नाव घेतंच. पण त्याची हुकमी जागा फॉरवर्ड शॉर्ट लेग, म्हणजे बॅट्समनच्या पायांच्या बाजूची, तीही तितकीच जवळची. हेल्मेट नसलेल्या त्या काळात त्याने 27 कसोटींत 53 झेल घेतले. त्याच्या जागेच्या नावात 'सिली' नाही, एवढंच.