इंजिनिअरिंगसाठी पुण्यातलं साधारण खासगी कॉलेज की सांगलीचं वालचंद कॉलेज? शहराच्या नावाला किती महत्त्व द्यावं?

कॉम्प्युटर किंवा आयटी मिळत असेल तर मी डोळे झाकून वालचंद म्हणेन. 'पुण्यात शिकलं की नोकरी लागते' हा समज सीओईपीसारख्या (पुण्याचं जुनं इंजिनिअरिंग कॉलेज, स्थापना 1854) मोजक्या संस्थांमुळे तयार झाला आणि त्याचा फायदा आसपासच्या सगळ्याच कॉलेजांना मिळाला. सांगलीचं वालचंद 1947 पासूनचं, अनुदानित आणि स्वायत्त आहे. कंपन्यांमध्ये त्याचे माजी विद्यार्थी जागोजागी भेटतात. नांदेडचं एसजीजीएस (श्री गुरू गोबिंद सिंगजी) इंजिनिअरिंग कॉलेज, कराडचं शासकीय कॉलेज यांच्याबाबतही गावाच्या नावावरून मत बनवू नका.

शहराचा फायदा अगदीच नाही असं नाही. इंटर्नशिप, हॅकेथॉन, मीटअप पुण्यात सहज मिळतात. मेकॅनिकल घेणार असाल तर चाकण-पिंपरीचे कारखाने जवळ असणं खरंच उपयोगी पडतं. पण त्यासोबत खोलीभाडं आणि मेसचा खर्चही धरा.

कॅपचे (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचे) कटऑफ बघताना एक गोष्ट नीट तपासा. अनेक कॉलेजांत होम युनिव्हर्सिटीच्या (त्याच विद्यापीठाच्या क्षेत्रातल्या) आणि बाहेरच्या विद्यार्थ्यांच्या जागा वेगळ्या असतात, त्यामुळे एकाच शाखेचे दोन कटऑफ दिसतात. तुम्हाला लागू होणारा रकाना वाचा. प्लेसमेंटच्या फ्लेक्सवरचं सर्वांत मोठं पॅकेज सोडून द्या. तुमच्या शाखेचं मध्यक (मीडियन, म्हणजे निम्म्या मुलांना ज्यापेक्षा जास्त आणि निम्म्यांना कमी मिळतं ते) पॅकेज विचारा, आणि शेवटच्या वर्षातल्या दोन-चार मुलांना फोन करून यंदा प्रत्यक्ष कोणत्या कंपन्या आल्या ते विचारा. ऑप्शन फॉर्म (कॉलेजांचा पसंतीक्रम) भरण्याआधीच हे करा.